गच्चीवाली आणि गळतीवाला

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या वांग्यांच्या कुंड्यांमध्ये पालथा पडला होता आणि जमिनीला कान लावून, डोळे मिटून काहीतरी ऐकत होता.

सकाळचे सात वाजले होते. तिच्या एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात तांदळाच्या धुवणाचं पातेलं. अशा वेळी आपल्या गच्चीवर, आपल्याच वांग्यांत एक अनोळखी लांबलचक माणूस आडवा दिसला असता तर दुसरी एखादी किंचाळून खाली पळाली असती. हिने झारी त्याच्या मानेवर तिरकी केली.

"अहो... अहो!"

"झाली का झोप?"

तो धडपडत उठला आणि काकडीच्या मांडवाला डोकं आपटून पुन्हा खाली बसला. "झोपलो नव्हतो मी. ऐकत होतो."

"काय? वांगी गातात वाटतं?"

"पाणी," तो मान पुसत म्हणाला. "सिमेंटच्या आत पाणी चालत असलं की आवाज येतो. अगदी बारीक. तुम्ही आत्ता ओतलंत तसा नाही."

हे ऐकून तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा लगेच रागही आला. कारण हा माणूस कोण ते तिला आता कळलं होतं. इमारतींच्या गळत्या शोधून काढणं हा त्याचा धंदा. सेक्रेटरींच्या दिवाणखान्याच्या छतातून पाणी ठिबकत होतं, आणि ते कुठून येतं हे सांगायला कमिटीने एक 'गळतीवाला' बोलावला होता. तो हा. आणि ज्या छतावर ही सगळी बाग उभी होती ते छत नेमकं सेक्रेटरींचं होतं.

"म्हणजे माझी बाग उठवायला आलात," ती म्हणाली.

"गळती शोधायला आलोय."

"एकच झालं."

"एक कसं होईल?" तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघताना त्याने डावा डोळा किंचित बारीक केला. "गळती शोधायच्या आधीच तुम्हाला कशी सापडली?"

तिने उरलेली झारी वांग्यांच्या मुळांशी रिकामी केली.

सगळी इमारत तिला गच्चीवाली म्हणायची. काही जण कौतुकाने म्हणत, काही जण नाक मुरडून. तिला दोन्ही चालायचं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या कारखान्याने पगार निम्म्यावर आणला तेव्हा घरात खाणारी तोंडं पाच होती: आई, दादा, वहिनी, त्यांची छकुली आणि ती. पहिल्याच आठवड्यात ताटातली भाजी गेली. दादा खाली मान घालून नुसता डाळभात जेवायचा, आणि ती मान तिला बघवायची नाही. तिने रंगाच्या एका रिकाम्या बादलीला तापल्या खिळ्याने भोकं पाडली, गच्चीवर नेली आणि तिच्यात पालक पेरला. लोक हसले. सेक्रेटरी तर म्हणाले, "चार पानं निघतील." चार पानं निघाली, ती तिने वाटीत ठेवून त्यांना दाखवायला नेली.

आता बादल्या, फुटके टब, जुनी सुटकेस, तडकलेलं बेसिन असं सगळं मिळून त्रेचाळीस. वांगी, टोमॅटो, काकडी, मुळा, पालक, बीट, लिंबाचं एक झाड. तिने पिकवायचं आणि वहिनीने शिजवायचं. वहिनीच्या हाताखालून काही वाया जायचं नाही. मुळ्याच्या पाल्याची भाजी व्हायची, फ्लॉवरच्या दांड्यांचं सूप, भोपळ्याच्या सालींची चटणी. आणि भाजी उकडलेलं पाणी ओतून टाकणं म्हणजे तर त्या घरात गुन्हाच. ते पाणी भातात तरी जायचं नाहीतर सुपात. दादाची मान वर आली ती या दोघींमुळे, आणि ते तो चारचौघांत सांगायचा.

सेक्रेटरी मात्र या बागेला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायचे. त्यात आता त्यांचं छत गळायला लागलं. कमिटीने ठराव केला: गळती बागेची निघाली तर आठ दिवसांत सगळ्या कुंड्या खाली, आणि गच्चीवर पुन्हा कुणी काही लावायचं नाही. कायमचं.

"निघूच दे बागेची," ती घरात म्हणाली होती. "मग बघते."

"काय बघशील?" आईने विचारलं.

"ते तेव्हा बघते."

एका दिवसाचं काम होतं, पण गळतीवाला चार वेळा आला. एकदा लाकडी हातोडीने फरशी ठोकायला. एकदा पाइपाचं तोंड तपासायला. एकदा, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, 'हातोडी विसरली म्हणून'. हातोडी त्याच्या खिशातून डोकावत होती. तिने एक कोवळी काकडी तोडली, लहान मुलीने फ्रॉकला पुसावी तशी ओढणीला पुसली आणि अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

"लाच आहे का?" त्याने विचारलं.

"लाच द्यायची असती तर अख्खी दिली असती."

तेवढ्यात भुरभुर पाऊस आला. ती मुळ्याच्या नव्या रोपांवर टोपलं झाकायला धावली आणि तो तिच्या मागे धावला. टोपलं एकच होतं आणि टब दोन. दुसऱ्या टबावर त्याने आपला सदरा दोन्ही हातांनी ताणून धरला, आणि पाऊस थांबेपर्यंत वाकून तसाच उभा राहिला. पाठ भिजली, चष्मा नसलेले डोळे मिचमिचले.

"तुमच्या डाव्या डोळ्याला नंबर आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"चष्म्याच्या दुकानात काचा घासते मी दिवसभर. माणूस कुठल्या डोळ्याने खोटं बघतो ते मला लांबून कळतं."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. दुकानदार जेवायला गेला होता. तिने त्याला स्टुलावर बसवलं, त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि डाव्या डोळ्यासमोर एकेक काच सरकवायला लागली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर लांब होता. तिच्या बोटांना कोथिंबिरीचा वास येत होता.

"खालची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"आता?"

"आता... अंधूक."

"आता?"

"अजिबात नाही."

तिने फ्रेममध्ये पाहिलं. काच अगदी त्याच्या नंबराची होती. त्याआधीचीही चालली असती. "तुम्हाला दिसतंय सगळं," ती म्हणाली.

"दिसतंय," तो म्हणाला. "पण दिसतंय म्हटलं की तुम्ही फ्रेम काढाल."

तिने फ्रेम काढली, पण जरा सावकाश काढली. आणि त्या दिवशी संध्याकाळी झाडांना पाणी घालताना ती एकाच टोमॅटोला तीनदा पाणी घालून मोकळी झाली.

परीक्षेचा दिवस ठरला. पद्धत सोपी होती. गच्चीवर पाणी मुरू शकेल अशा तीन जागा होत्या: तिची बाग, पावसाच्या पाइपाचं तोंड, आणि सेक्रेटरींनी स्वतःच स्वतःला परवानगी देऊन मांडलेलं कपडे धुण्याचं यंत्र. प्रत्येक जागी वेगळ्या रंगाचं पाणी ओतायचं आणि खाली छतातून कुठला रंग उतरतो ते पाहायचं. गळतीवाल्याकडे त्यासाठी रंगांच्या पुड्या होत्या.

"माझ्या झाडांत ही पूड नाही पडायची," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "खातो आम्ही ते."

"मग रंग कसा आणू?"

"मी देते. लाल माझ्या बागेला. बीट उकडते."

तो हसला. "मग बाकीचेही स्वयंपाकघरातलेच घेऊ. पाइपाला नीळ, धुण्याच्या जागेला हळद."

पहाटे तिने सहा बिटं किसून उकळली, पाणी गाळून पातेल्यात ठेवलं आणि आंघोळीला जाताना वहिनीला ओरडून सांगितलं, "वहिनी, तेवढं पाणी काळ्या बादलीत भरून वर पाठव गं, झाडांना ओतायचंय!"

वहिनीने काळी बादली भरून पाठवली. गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन होतं. तिने केस नुकतेच धुतले होते आणि उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून ती ते मोकळे सोडून वाळवत होती. गळतीवाल्याने नीळ ओतली, हळद ओतली, मग काळी बादली उचलून सावकाश वांग्यांच्या मुळांशी रिकामी केली. सेक्रेटरी छत्री टेकवून लांबून पाहत होते. मग ती दुकानात गेली आणि तो खाली छताखाली वाडगं ठेवून बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाडग्यात रंग उतरला. लाल.

सेक्रेटरींनी टाळीच वाजवली. बातमी तिच्यापर्यंत पोचायच्या आत जिन्यातून चार मजले उतरली आणि पुन्हा चढली. ती दुकानातून आली तेव्हा गळतीवाला जिन्यातच उभा होता, हातात अहवालाचा कागद धरून.

"लाल आहे," तो म्हणाला. "मी दोनदा पाहिलं. तीनदा पाहिलं."

"मग लिहिलंत?"

"लिहिलं." त्याने कागदाची घडी पुन्हा घातली. "दुसरं काही लिहिता आलं असतं तर... पण जे उतरलं ते उतरलं. खोटं कसं लिहू?"

"मी कधी म्हटलं खोटं लिहा?"

"नाही म्हटलंत."

"मग माझ्यासमोर असा रडका चेहरा करून उभे राहू नका!" ती म्हणाली. "लिहिलंय तर ताठ मानेने द्या. आणि मी कुंड्या हलवणार नाही, तेही त्यांना सांगा. उचलायच्या असतील तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस त्यांनी स्वतः उचलाव्यात, माझ्या डोळ्यांदेखत."

ती पाय आपटत वर गेली. दार लावलं, आणि मग दाराला पाठ टेकून रडली. बागेसाठी रडली, दादाच्या मानेसाठी रडली, आणि थोडं त्या मूर्ख माणसासाठीही, जो खोटं बोलू शकत नव्हता आणि म्हणूनच तिला इतका आवडायला लागला होता.

शनिवारी रात्री सगळे जेवायला बसले. रविवारी सकाळी कमिटीची बैठक होती. वहिनीने सगळ्यांच्या ताटात भात वाढला. छकुलीने आपल्या ताटाकडे पाहिलं आणि ओठ काढला.

"पांढरा नको. त्या दिवशीसारखा गुलाबी हवा."

"कुठल्या दिवशीसारखा?" तिने विचारलं.

"अगं, तू दुकानात होतीस ना तेव्हा," वहिनी म्हणाली. "तुझं ते बिटाचं पाणी होतं, त्यात शिजवला. पोरीने दोनदा मागून खाल्ला."

तिचा घास हातातच राहिला. "वहिनी, ते पाणी बादलीत भरायला सांगितलं होतं मी."

"भरली की बादली! झाडांनाच घालायचंय म्हणालीस ना? झाडांना बिटाचं पाणी कशाला गं चांगलं? मी आपलं तांदळाचं धुवण भरून दिलं." मग वहिनीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "का? रंग पाहिजे होता? अगं, मला कुणी सांगितलंच नाही..."

दादाने चमचा खाली ठेवला. "म्हणजे बागेत लाल ओतलंच नाही."

"नाही."

"मग छतातून लाल काय उतरलं?"

कुणाला कळेना. आई छकुलीच्या अंगातल्या जुन्या फ्रॉककडे बघत होती. त्यावर कालच्या आमटीचे डाग होते. ती सहज म्हणाली, "साबण लावला की हळदीचा डाग कसा लालभडक होतो, नाही? मला आधी वाटायचं, रक्तच आहे."

गच्चीवाली ताडकन उठली, आणि तिच्या मागोमाग वहिनी. वाटीत चिमूटभर हळद, त्यात साबणाचं पाणी. वाटी लाल झाली. मग वहिनीच म्हणाली, "लिंबू पिळ. डागावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा होतो." लिंबू पिळलं, वाटी पिवळी झाली.

ती हसायला लागली ती थांबेना. "पाणी मुरतंय," ती म्हणाली, "पण माझ्या बागेत नाही!"

रविवारी अकरा वाजता सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात बारा खुर्च्या मांडल्या होत्या. ठिबकणाऱ्या छताखाली वाडगं होतं, त्यात बोटभर लाल पाणी. निवृत्त शिक्षक असलेले तळमजल्यावरचे काका नेहमीप्रमाणे बैठकीचा वृत्तान्त वहीत लिहायला बसले होते. गळतीवाला दाराजवळ उभा होता. तीन दिवस झोपला नसावा असा दिसत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "अहवाल सर्वांनी ऐकला. तेव्हा ठरावाप्रमाणे—"

"ठरावाप्रमाणे बागेत लाल पाणी ओतायचं होतं," ती उभी राहून म्हणाली. "ते ओतलंच नाही."

"मी शिजवलं त्यात भात," वहिनी तिच्या शेजारी उभी राहिली. आवाज कापत होता, पण हनुवटी वर होती. "आमच्या घरात बिटाचं पाणी फेकत नाहीत. बादलीत तांदळाचं धुवण होतं."

खुर्च्यांमध्ये कुजबुज उठली. सेक्रेटरी लाल झाले, वाडग्याइतके. "हे आत्ता सुचलं? बादली तर याने ओतली! तुम्ही स्वतः ओतलीत ना हो? पांढरं पाणी आणि लाल पाणी, तुम्हाला फरक दिसला नाही?"

आता गळतीवाल्याचा धंदा टांगणीला होता. 'पाणी लालच होतं' म्हणाला असता, तर सुटला असता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. तिचीही.

"नाही दिसला," तो म्हणाला.

"का नाही दिसला? डोळे होते ना?"

"होते. पण... बादलीकडे नव्हते."

"मग कुठे होते?"

त्याचे कान आधी लाल झाले, मग मान. मग त्याने डावा डोळा बारीक न करता, दोन्ही डोळे उघडे ठेवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

"यांच्याकडे," तो म्हणाला. "यांचे केस मोकळे होते. मी बादलीत पाहिलंच नाही. चूक माझी आहे, मी कबूल करतो. अहवाल रद्द समजा. पैसे नको मला."

कुणीतरी खोकलं. कुणाची तरी खुर्ची करकरली. मग सेक्रेटरी उठलेच. "बघा! बघा! आधीपासून फितूर आहे हा माणूस! याचं काहीही धरता येणार नाही. दुसरा आणू आपण—"

"आणा की," ती म्हणाली. "पण त्याच्याआधी हे बघा."

तिने पिशवीतून बिटाची एक चकती काढली, बशीत ठेवली, आणि आपल्या झाडाचं लिंबू चिरून तिच्यावर पिळलं. चकती होती तशीच लाल राहिली. मग तिने वाडगं उचललं, सगळ्यांना दिसेल असं मधोमध टेबलावर ठेवलं आणि उरलेलं अर्धं लिंबू त्यात पिळलं. लाल पाणी एका क्षणात फिकट झालं, मग पिवळं. स्वच्छ, हळदीसारखं पिवळं.

"हळद," ती म्हणाली. "साबणाला लागून लाल झाली, आंबटाला लागून पिवळी. घरातलं धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. हे पाणी तुमच्या कपड्यांच्या यंत्राखालून येतंय, सेक्रेटरीसाहेब. साबणासकट."

सेक्रेटरींच्या बायकोने मान हलवली. "खरंय," ती म्हणाली. "मी तीन महिने सांगतेय यांना, यंत्राची नळी गच्चीतच सुटलीय म्हणून." सेक्रेटरी मटकन खाली बसले.

हात वर झाले. बाग राहणार, यंत्र खाली येणार. दादा मोठ्याने मोजत होता, आणि प्रत्येक हाताबरोबर त्याचा आवाज चढत होता. गळतीवाला मात्र दारातून हळूच बाहेर पडायला निघाला होता, हातोडी खिशात सारत.

"थांबा," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, कारण आता हळू बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते बोललात, आणि आता चाललात? संध्याकाळपर्यंत तुमचं वाक्य बिल्डिंगभर होईल. आणि माझं?"

"तुमचं... कुठलं?"

"तुम्ही माझ्या विरुद्ध खरं लिहिलंत, तेव्हा मला इतका राग आला की घरी जाऊन रडले. आणि रडता रडता कळलं, दुसरं काही लिहिलं असतंत तर तोंड बघितलं नसतं तुमचं." तिचे कान तापले होते. पण मान खाली जाईल तर ती गच्चीवाली कसली! "मला आवडता तुम्ही. खूप. आई, दादा, ऐकताय ना? मग झालं. आता कुणी माझ्या पाठीमागे कुजबुजायची गरज नाही."

आई तोंडावर पदर धरून हसत होती. दादा मोजणी विसरला होता. दारातला लांबलचक माणूस आत आला आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा.

वृत्तान्त लिहिणाऱ्या काकांनी चष्मा सारखा केला. पेन वहीवर तसंच अधांतरी होतं.

"हे," त्यांनी चाचरत विचारलं, "हेही... लिहायचं का?"

"लिहा," ती म्हणाली.